कार्ब्युरेटरयुक्त जुन्या पिकअप ट्रकमधील उत्सर्जनदोषांचे निदान

कार्ब्युरेटरयुक्त जुन्या पिकअप ट्रकमधील उत्सर्जनदोषांचे निदान म्हणजे कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात कायद्याने ठरविलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषक वायू का आढळतात, हे क्रमाक्रमाने शोधून काढण्याची पद्धती होय. हा विषय मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशी, विशेषतः कॅलिफोर्निया राज्याशी निगडित आहे. तेथे १९७० व १९८० च्या दशकांत बनलेले अनेक पिकअप ट्रक दीर्घकाळ वापरात राहिले आणि ठरावीक काळाने होणाऱ्या धूरतपासणीत उत्तीर्ण झाल्याखेरीज त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही.

अशा ट्रकमध्ये इंधनाचे प्रमाण संगणकाऐवजी हवेचा दाब, झडपा, स्प्रिंगा व रबरी नळ्या यांच्या साहाय्याने राखले जाते. त्यामुळे दोष दाखविणारी सांकेतिक खूण बहुधा मिळत नाही. धुरातील वायूंचे प्रमाण हाच दोषाचा मुख्य पुरावा असतो. कोणता वायू वाढला आहे, तो कोणत्या गतीला वाढला आहे आणि त्याच वेळी इतर वायूंचे काय झाले आहे, हे वाचता आल्यास दोषाचे मूळ थोड्या खर्चात सापडू शकते. ते न वाचता केवळ सुटे भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि वाहन पुन्हा अनुत्तीर्ण होण्याची शक्यता राहते.

## पार्श्वभूमी

लॉस एंजेलिस शहरात १९४० च्या दशकापासून डोळ्यांना झोंबणारे तपकिरी धुरके वारंवार दाटू लागले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी या धुरक्याचे रसायन उलगडले. वाहने व तेलउद्योगातून बाहेर पडणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांची सूर्यप्रकाशात अभिक्रिया होऊन ओझोन तयार होतो, असे त्यांनी दाखवून दिले. वाहनांवरील पुढील बहुतेक निर्बंधांचा पाया या संशोधनाने घातला.

कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात नव्या मोटारींना क्रँककेसमधील वायू पुन्हा इंजिनात नेणारी पीसीव्ही झडप आवश्यक झाली. १९६७ मध्ये राज्याचे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले. १९७० मध्ये अमेरिकेच्या संघीय स्वच्छ हवा कायद्यात कठोर दुरुस्त्या झाल्या आणि त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण संस्था अस्तित्वात आली. इंधनाची वाफ साठविणारी कोळशाची डबी आणि धूर पुनर्चक्रण झडप ही साधने त्यानंतरच्या काही वर्षांत सर्वत्र आली. १९७५ च्या मॉडेलवर्षापासून बहुतेक नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसविला जाऊ लागला. शिशाने उत्प्रेरक निकामी होत असल्याने अशा वाहनांसाठी शिसेविरहित पेट्रोल अनिवार्य ठरले.

पिकअप ट्रकांबाबत स्थिती अधिक गुंतागुंतीची होती. १९७० च्या दशकाच्या मध्यात हलक्या ट्रकांचे उत्सर्जननियम एकूण भारक्षमता ६,००० पौंडांपर्यंत असलेल्या वाहनांना लागू होते. फोर्ड कंपनीने १९७५ मध्ये आणलेला एफ-१५० हा ट्रक या मर्यादेच्या किंचित वरच्या भारक्षमतेचा होता, त्यामुळे त्याला परिवर्तकाची गरज पडली नाही. पुढे ही मर्यादा १९७९ च्या मॉडेलवर्षापासून ८,५०० पौंडांपर्यंत वाढविण्यात आली. याचा परिणाम असा, की बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या दोन ट्रकांवर वर्ष, भारक्षमता आणि विक्रीचे राज्य यांनुसार निराळी उत्सर्जनसाधने आढळतात. दोषनिदानात ही बाब महत्त्वाची ठरते.

## धूरतपासणीचे स्वरूप

कॅलिफोर्नियातील 'स्मॉग चेक' हा तपासणी कार्यक्रम मार्च १९८४ मध्ये सुरू झाला. तो मोटारदुरुस्ती ब्यूरो या राज्यसंस्थेमार्फत चालतो. १९७५ व त्यापूर्वीच्या मॉडेलवर्षांची पेट्रोल वाहने या तपासणीतून वगळलेली आहेत. १९७६ नंतरच्या कार्ब्युरेटरयुक्त ट्रकांना सामान्यतः दर दोन वर्षांनी तपासणी करावी लागते.

तपासणीचे तीन भाग असतात. पहिल्या भागात धुरातील वायू मोजले जातात. दुसऱ्या भागात मूळ उत्सर्जनसाधने जागेवर आहेत का आणि त्यांच्या नळ्या व तारा योग्य जोडलेल्या आहेत का, हे डोळ्यांनी पाहिले जाते. तिसऱ्या भागात प्रज्वलनाची वेळ, पेट्रोल टाकीचे झाकण, वाफनियंत्रण यंत्रणा इत्यादींचे कार्य तपासले जाते. धूर मर्यादेत असूनही एखादे साधन काढून टाकलेले असल्यास वाहन अनुत्तीर्ण ठरते.

वायुमापनाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. दाट वस्तीच्या व अधिक प्रदूषित भागांत ट्रकची चाके रुळांवर फिरवून, ताशी १५ व २५ मैल (सुमारे २४ व ४० किलोमीटर) या गतींना, इंजिनावर भार देऊन मापन होते. इतर भागांत वाहन उभे ठेवून मंद गतीला आणि मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांना मापन केले जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे भाराखालीच लक्षणीय प्रमाणात तयार होतात. म्हणून ती पहिल्या पद्धतीत मोजली जातात, दुसऱ्या पद्धतीत नाही.

## धुरातील वायू आणि त्यांचा अर्थ

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. यापेक्षा हवा कमी असल्यास मिश्रण समृद्ध आणि हवा जास्त असल्यास विरळ म्हटले जाते. कारागिरांच्या बोलीत यांनाच 'रिच' व 'लीन' म्हणतात. वायूविश्लेषक यंत्रावर पुढील वायू दिसतात.

* कार्बन मोनॉक्साइड : हवा अपुरी पडून पेट्रोल अर्धवट जळाल्याने तयार होतो. त्याचे प्रमाण टक्क्यांत मोजतात. हा वायू वाढला असेल तर मिश्रण समृद्ध आहे, असा जवळजवळ निश्चित निष्कर्ष काढता येतो.
* हायड्रोकार्बने : न जळता बाहेर पडलेले पेट्रोल. त्यांचे प्रमाण दशलक्ष भागांत किती भाग, या एककात मोजतात. ठिणगी चुकणे, झडपेतून दाब निसटणे, तेल जळणे, अतिसमृद्ध मिश्रण किंवा पेटूच न शकणारे अतिविरळ मिश्रण, यांपैकी कशानेही ती वाढतात. म्हणून केवळ या एका आकड्यावरून निदान होत नाही.
* नायट्रोजनची ऑक्साइडे : ज्वलनकक्षातील तापमान सुमारे १,३७० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने ती झपाट्याने तयार होतात. ही इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनाची नव्हे, तर अतिउष्ण ज्वलनाची खूण होय.
* कार्बन डायऑक्साइड : चांगल्या ज्वलनाचे द्योतक. सुस्थितीतील इंजिनात त्याचे प्रमाण साधारणतः १३ ते १५ टक्के असते.
* ऑक्सिजन : विरळ मिश्रण, चुकलेली ठिणगी, धुराच्या नळीतील गळती किंवा हवा सोडणारा पंप यांमुळे त्याचे प्रमाण वाढते.

शेवटच्या दोन वायूंवर कायदेशीर मर्यादा नसली, तरी निदानासाठी ते अत्यंत उपयुक्त आहेत. कार्बन डायऑक्साइड कमी आणि ऑक्सिजन जास्त दिसल्यास धुरात बाहेरची हवा मिसळते आहे की ज्वलनच बिघडले आहे, हे आधी ठरवावे लागते. ते ठरेपर्यंत इतर आकड्यांवर विसंबता येत नाही.

## कार्ब्युरेटर व उत्सर्जनसाधने

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाणारी हवा तेथील दाब कमी करते आणि त्यामुळे फ्लोटच्या कुंडीतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून खेचले जाते. मंद गती, सामान्य गती, अचानक वेग देणे आणि पूर्ण भार यांसाठी त्यात स्वतंत्र मार्ग असतात. त्यामुळे एका गतीला दिसणारा दोष दुसऱ्या गतीला दिसेलच असे नाही. मंद गतीला वाढलेला कार्बन मोनॉक्साइड २,५०० फेऱ्यांना सामान्य झाला, तर दोष मंद गतीच्या मार्गात शोधावा लागतो. दोन्ही ठिकाणी तो जास्त असेल, तर फ्लोटची पातळी, चोक, हवेची जाळी अशा सर्व गतींवर परिणाम करणाऱ्या भागांकडे लक्ष द्यावे लागते.

कार्ब्युरेटरभोवती पुढील साधने असतात.

* पीसीव्ही झडप : क्रँककेसमधील वायू इंजिनात नेऊन जाळते.
* कोळशाची डबी : टाकीतील व कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची वाफ शोषून घेते व नंतर ती इंजिनात सोडते.
* ईजीआर झडप : थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवून ज्वलनाचे तापमान उतरविते.
* हवा सोडणारी यंत्रणा : पंपाने किंवा पाकळीझडपेने धुराच्या मार्गात ताजी हवा सोडते, जेणेकरून उरलेले इंधन तेथे जळून जावे.
* तापनियंत्रित हवामार्ग : इंजिन थंड असताना एक्झॉस्टजवळची उबदार हवा कार्ब्युरेटरकडे वळवितो.
* उत्प्रेरक परिवर्तक : सुरुवातीचे परिवर्तक केवळ कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने कमी करीत. नंतरचे त्रिमार्गी परिवर्तक नायट्रोजनची ऑक्साइडेही कमी करतात, मात्र त्यासाठी मिश्रण १४.७ च्या अगदी जवळ राखावे लागते.

त्रिमार्गी परिवर्तकाची ही गरज भागविण्यासाठी १९८० च्या दशकातील अनेक ट्रकांवर ऑक्सिजन संवेदक आणि साध्या संगणकाने नियंत्रित होणारे कार्ब्युरेटर आले. पारंपरिक आणि इंधन-इंजेक्शन यांच्यामधली ही अवस्था होती. अमेरिकेतील नव्या पिकअप ट्रकांमधून कार्ब्युरेटर १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात नाहीसा झाला.

## निदानाचा क्रम

### पूर्वतपासणी

बॉनेटखाली चिकटविलेल्या उत्सर्जन माहितीपत्रकावर इंजिनाचा आकार, प्रज्वलनाची वेळ, मंद गतीच्या फेऱ्या, बसविलेली साधने आणि बहुधा निर्वात नळ्यांची आकृती दिलेली असते. सर्वसामान्य पुस्तकातील आकड्यांपेक्षा हे पत्रक अधिक ग्राह्य मानले जाते, कारण ते त्याच वाहनासाठी असते. पत्रक फाटले असल्यास त्या वर्षाच्या व त्या राज्यासाठीच्या दुरुस्तीपुस्तिकेचा आधार घ्यावा लागतो.

त्यानंतर तेल, हवेची जाळी, शीतक आणि इंजिनाचे तापमान पाहिले जाते. तेलाला पेट्रोलचा वास येत असल्यास ती महत्त्वाची खूण आहे. यांत्रिक इंधनपंपाचा पडदा फाटला, की पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरते. त्याची वाफ पीसीव्ही झडपेतून इंजिनात जाऊन कार्बन मोनॉक्साइड वाढविते. अशा वेळी कार्ब्युरेटर कितीही जुळविला तरी उपयोग होत नाही. पंप व तेल बदलल्यावरच दोष जातो.

### निर्वात गळती

तीस-चाळीस वर्षांच्या वाहनातील रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. कार्ब्युरेटरखालचे गॅस्केट आकसते. मोजणी न झालेली हवा आत शिरल्याने मिश्रण विरळ होते, मंद गती अस्थिर बनते आणि हायड्रोकार्बने वाढतात. निर्वातमापक लावल्यास सुस्थितीतील इंजिनात मंद गतीला समुद्रसपाटीवर पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच असे स्थिर वाचन मिळते. उंची दर हजार फुटांनी वाढली, की ते अंदाजे एक इंचाने उतरते. काटा स्थिर पण खाली असल्यास गळती किंवा मागे पडलेले प्रज्वलन संभवते. काटा ठरावीक तालात झटके देत असल्यास एखाद्या सिलिंडरची झडप नीट बसत नसल्याची शंका येते.

गळतीचे नेमके ठिकाण शोधण्यासाठी नळ्यांमध्ये धूर सोडणारे यंत्र वापरणे सुरक्षित असते. गरम इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारण्याची प्रथा आगीला निमंत्रण देणारी आहे.

### प्रज्वलन

प्लग, प्लगच्या तारा, डिस्ट्रिब्युटरचे झाकण व रोटर यांची पाहणी कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी केली जाते. काजळी धरलेला कोरडा काळा प्लग समृद्ध मिश्रण सुचवितो. तेलकट प्लग झिजलेल्या रिंगा किंवा झडपांच्या सीलकडे बोट दाखवितो. पांढराफटक प्लग विरळ मिश्रण किंवा अतिउष्णता दर्शवितो. सर्व प्लग सारखे दिसत असतील तर दोष सामाईक भागात असतो आणि एकच वेगळा दिसत असेल तर त्या सिलिंडरमध्ये असतो.

प्रज्वलनाची वेळ टायमिंग लाइटने, पत्रकावरील सूचनेनुसार तपासली जाते. अनेक इंजिनांत त्यापूर्वी डिस्ट्रिब्युटरची निर्वात नळी काढून बंद करावी लागते. ही पायरी वगळल्यास वाचन चुकते. वेळ पुढे असल्यास ज्वलनाचे तापमान वाढून नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. वेळ मुद्दाम मागे नेल्यास काही वायू कमी दिसतात, परंतु इंजिनाची शक्ती घटते, पेट्रोल जास्त लागते आणि इंजिन तापते. शिवाय वेळ तपासणे हा धूरतपासणीचाच भाग असल्याने ही युक्ती टिकत नाही.

### इंधनमार्ग

इंजिन पूर्ण तापल्यावर चोकची पाकळी सरळ उभी, म्हणजे संपूर्ण उघडी असावी लागते. ती अर्धवट अडकणे हे वाढलेल्या कार्बन मोनॉक्साइडचे वारंवार आढळणारे आणि दुरुस्तीला सोपे असे कारण आहे. त्यानंतर फ्लोट तपासतात. पितळी फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरते. फोमचा फ्लोट कालांतराने पेट्रोल शोषून जड होतो. दोन्ही प्रकारांत कुंडीतील पातळी वाढते आणि मिश्रण समृद्ध होते. ज्या कार्ब्युरेटरमध्ये भाराच्या वेळी जादा पेट्रोल देणारी पडदायुक्त पॉवर झडप असते, तिचा पडदा फाटल्यासही पेट्रोल सतत झिरपत राहते.

कोळशाची डबी पेट्रोलने भिजलेली आहे का, हे पाहण्याची साधी चाचणी आहे. डबीकडून इंजिनाकडे येणारी नळी तात्पुरती काढून तिचे तोंड बंद केले आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने उतरला, तर दोष कार्ब्युरेटरचा नसून वाफनियंत्रण यंत्रणेचा ठरतो.

मंद गतीच्या मिश्रणाचा स्क्रू सर्वांत शेवटी हाताळला जातो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक निर्मात्यांनी तो टोपण ठोकून बंद केला, कारण वायूविश्लेषकाशिवाय तो फिरविल्यास मिश्रण बिघडण्याचीच शक्यता अधिक असते. संगणकनियंत्रित कार्ब्युरेटरमध्ये संवेदकाकडून येणारा विद्युतदाब आधी पाहतात. कार्यक्षम संवेदकाचा दाब अंदाजे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो. तो एका जागी खिळला असेल, तर संवेदक, त्याची तार किंवा मिश्रण यांपैकी काय बिघडले आहे, ते स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

### ईजीआर व शीतलीकरण

नायट्रोजनची ऑक्साइडे वाढल्यास प्रथम ईजीआर झडप तपासतात. इंजिन मंद गतीला चालू असताना हातपंपाने झडपेला निर्वात दिल्यास इंजिन अडखळले किंवा बंद पडले पाहिजे. झडपेचा दांडा हलूनही इंजिनावर परिणाम झाला नाही, तर झडप चांगली असून तिच्या खालचा मार्ग काजळीने बुजलेला असतो. तो खरवडून साफ करणे पुरेसे ठरते. निर्वात टिकतच नसेल तर पडदा फाटलेला असू शकतो. मात्र काही झडपांना उघडण्यासाठी धुराचा प्रतिदाबही लागतो. त्या मंद गतीला निर्वात धरत नाहीत आणि नवख्याला त्या बिघडलेल्या वाटतात.

ईजीआर ठीक असूनही वाचन जास्त राहिल्यास रेडिएटरमधील गाळ, थर्मोस्टॅट, पंख्याचा क्लच, ज्वलनकक्षातील काजळीचे थर आणि विरळ मिश्रण यांचा विचार केला जातो.

### परिवर्तक

परिवर्तक हा शेवटचा तपासबिंदू असतो. तो सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्यावरच काम करू लागतो. म्हणून थंड ट्रक तपासणीला नेल्यास निरोगी वाहनही अनुत्तीर्ण होऊ शकते. परिवर्तकात शिरण्यापूर्वीचे आणि बाहेर पडल्यानंतरचे वायू मोजून त्याची कार्यक्षमता ठरवितात. आतील जाळीचा खडखडाट, ती वितळून धुराचा मार्ग अडणे किंवा वेग देताना इंजिन गुदमरणे ही त्याच्या नाशाची लक्षणे होत.

परिवर्तक बहुधा आपोआप मरत नाही. दीर्घकाळ समृद्ध मिश्रण किंवा चुकणारी ठिणगी राहिल्यास न जळलेले पेट्रोल त्यातच पेटते आणि जाळी वितळते. मूळ दोष दुरुस्त न करता नवा परिवर्तक बसविल्यास तोही त्याच मार्गाने जातो. कॅलिफोर्नियात केवळ राज्याच्या हवा संसाधन मंडळाने मान्यता दिलेलेच परिवर्तक बसविता येतात.

## वायूंच्या जोडीवरून अनुमान

* कार्बन मोनॉक्साइड जास्त, ऑक्सिजन अत्यल्प : समृद्ध मिश्रण. चोक, फ्लोट, हवेची जाळी, कोळशाची डबी, पेट्रोलमिश्रित तेल.
* हायड्रोकार्बने जास्त, कार्बन मोनॉक्साइड कमी, ऑक्सिजन जास्त : विरळ मिश्रणामुळे चुकणारे ज्वलन किंवा ठिणगीचा दोष. निर्वात गळती, प्लग, तारा, मंद गतीला उघडी राहिलेली ईजीआर झडप.
* हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड दोन्ही जास्त : अतिसमृद्ध मिश्रण, किंवा समृद्ध मिश्रण व प्रज्वलनदोष एकत्र. परिवर्तक थंड किंवा निकामी असण्याचीही शक्यता.
* केवळ नायट्रोजनची ऑक्साइडे जास्त : ईजीआर, पुढे गेलेले प्रज्वलन, अतिउष्ण इंजिन, विरळ मिश्रण.
* सर्व प्रदूषक कमी, कार्बन डायऑक्साइडही कमी, ऑक्सिजन जास्त : धुरात हवा मिसळत आहे. सायलेन्सरची नळी गळकी असणे किंवा हवा सोडणारी यंत्रणा चालू असणे.

हवा सोडणाऱ्या यंत्रणेचा परिणाम टाळून इंजिनाची खरी स्थिती पाहण्यासाठी निदानापुरती ती नळी बंद करतात. तपासणीपूर्वी ती पुन्हा जोडणे आवश्यक असते.

## नमुना उदाहरण

चार सिलिंडरचा, दुहेरी कार्य करणारा जुना परिवर्तक असलेला एक पिकअप ट्रक ताशी २५ मैलांच्या चाचणीत केवळ नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे अनुत्तीर्ण झाला, असे मानू. त्याची हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या बरीच खाली आहेत. जुना परिवर्तक बदलणे हा अशा वेळी सुचणारा सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी उपाय होय, कारण या प्रकारचा परिवर्तक नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करीतच नाही.

कार्बन मोनॉक्साइड फारच कमी असणे हे मिश्रण विरळ असल्याचे सूचित करते. हातपंपाच्या चाचणीत ईजीआरचा दांडा हलतो, पण इंजिन अडखळत नाही. म्हणजे मार्ग बुजलेला आहे. कार्ब्युरेटरखालचे गॅस्केट गळके निघते. मार्ग साफ करून, गॅस्केट बदलून आणि प्रज्वलनाची वेळ पत्रकानुसार ठेवून ट्रकची पुन्हा चाचणी घेतल्यास दोषाची तिन्ही संभाव्य कारणे अल्प खर्चात दूर होतात.

## सामान्य चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे एका वायूचा पाठलाग करताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणे. कार्बन मोनॉक्साइड उतरविण्यासाठी मिश्रण सतत विरळ करत नेले, तर एका टप्प्यानंतर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात आणि आणखी विरळ केल्यास ज्वलन चुकू लागून हायड्रोकार्बनेही वाढतात. एकाच वेळी अनेक भाग बदलणे ही दुसरी चूक होय, कारण त्यातील कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही. प्रत्येक बदलानंतर मापन करून त्याची नोंद ठेवणे अधिक फलदायी असते.

उत्सर्जनसाधने काढून टाकल्याने इंजिन सुधारते, हा समजही व्यापक आहे. कार्ब्युरेटर व प्रज्वलन यांची रचना त्या साधनांना गृहीत धरून केलेली असते. उदा. ईजीआर बंद केल्यास भाराखाली इंजिनात ठोके येऊ लागतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशी छेडछाड बेकायदेशीर आहे. दुरुस्तीचा खर्च न परवडणाऱ्या वाहनमालकांसाठी कॅलिफोर्नियात उत्पन्नाच्या निकषावर दुरुस्तीसाठी साहाय्य देणारी, तसेच जुने वाहन मोडीत काढण्यासाठी मोबदला देणारी शासकीय योजना आहे.

## सुरक्षितता

कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक असतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून निदान करणे जिवावर बेतू शकते. दार उघडे असणेही नेहमी पुरेसे नसते, म्हणून काम मोकळ्या जागेत करावे किंवा धूर नळीने बाहेर सोडावा. परिवर्तक अतिशय तापलेला असतो. वाळलेल्या गवतावर उभा केलेला ट्रक त्यामुळे आग लावू शकतो. कार्ब्युरेटर उघडताना सांडणारे पेट्रोल व चालू प्रज्वलन एकत्र येऊ देऊ नयेत.

## भारतातील संदर्भ

भारतात वाहनांच्या धुराची तपासणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये होते आणि तिचे प्रमाणपत्र महाराष्ट्रात 'पीयूसी' या नावाने परिचित आहे. भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल वाहनांसाठी मंद गतीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बने दशलक्षात १,५०० भाग अशी मर्यादा आहे. भारत स्टेज-२ व स्टेज-३ च्या वाहनांसाठी ती अनुक्रमे ०.५ टक्के व ७५० भाग आहे. या तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत.

मुंबईच्या कुर्ला येथे बनलेली प्रीमियर पद्मिनी आणि सुरुवातीच्या मारुती ८०० मोटारी ही भारतातील कार्ब्युरेटरयुक्त वाहनांची ठळक उदाहरणे होत. भारतातील चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक १९९५ पासून आवश्यक झाला आणि शिसेविरहित पेट्रोल २००० मध्ये देशभर उपलब्ध झाले. त्यामुळे जुन्या मोटारींत परिवर्तक, ईजीआर किंवा हवा सोडणारी यंत्रणा नसते आणि धुरावर चोक, फ्लोट, प्रज्वलन व निर्वात गळती यांचाच प्रभाव राहतो. अमेरिकी ट्रकांच्या निदानातील पहिल्या पायऱ्या अशा मोटारींनाही तशाच लागू पडतात.